बोलणी सुरू होण्याआधी

८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. लाल कांद्याचा हंगाम भरात होता. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क बसलं होतं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आलं होतं, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज आडत्यांना आला होता. भाव कोसळले. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले. इथवरची हकिकत आमच्या नेवासा तालुक्यातल्या घोडेगावच्या उपबाजारात गोणी उतरवणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला पाठ आहे. पुढची तितकी माहीत नाही. बंदी उठलेली नसतानाच १ मार्च २०२४ ला बांगलादेशसाठी ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीसाठी १४ हजार ४०० टन कांदा सोडायचा निर्णय झाला. एप्रिलअखेर सरकारनेच जाहीर केलं की बांगलादेश, अमिराती, भूतान, बहरीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांना मिळून ९९ हजार १५० टन निर्यातीची मुभा दिली आहे. कांदा पाठवणार कोण, तर नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेड. खुली निर्यात सुरू झाली ती ४ मे रोजी, तीही टनाला ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून.

म्हणजे बंदी सगळ्यांना सारखी नव्हती. कुणाला किती टन द्यायचा, कुणाच्या शब्दाला मान द्यायचा, हे त्या पाच महिन्यांत कुठेतरी बोललं जात होतं. त्या बोलण्याची टिपणं कधी बाहेर येत नाहीत. बाहेर येतो तो आकडा.

कधीकधी मात्र या बोलण्याचा एखादा तुकडा चारचौघांत ऐकू येतो. २०१९ च्या सप्टेंबरात भारताने अशीच निर्यातबंदी केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत उद्योजकांच्या मेळाव्यात बोलत होत्या. मध्येच हिंदीत वळून त्यांनी सांगितलं की तुम्ही कांदा बंद केलात, मीही स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून बजावलं. पुढच्या वेळी निदान आधी कळवा. सभागृह हसलं. निषेधाचं पत्र नाही, राजदूताला बोलावणं नाही, पण जे सांगायचं ते पोचलं. शिष्टाईचा हा प्रकार मला फार आवडतो. राजदूताच्या खलित्यात जे लिहिताच आलं नसतं ते स्वयंपाकघराच्या आडून बोलून मोकळं होता येतं.

हे पुस्तक अशा बोलण्याबद्दल आहे. करार कसे होतात याची पुस्तकं भरपूर आहेत, करारांचे परिणाम काय झाले याचीही आहेत. मला लिहायचं होतं ते त्याच्या आधीच्या टप्प्याबद्दल. दोन देशांनी किंवा दीडशे देशांनी व्यापाराची नवी बोलणी सुरू करावीत की नाही, केली तर कशाकशावर, आणि कोणता विषय ताटात वाढायचाच नाही, हे ठरवण्यासाठी जी येरझारा, चहापाणी, निरोपानिरोपी चालते, तिच्याबद्दल. माझं म्हणणं थोडक्यात असं, की औपचारिक चर्चेच्या पहिल्या दिवशी मंत्री हस्तांदोलन करतात तोवर निम्मं काम होऊन गेलेलं असतं. आपल्याकडे वाद पेटतो तो मात्र मसुदा छापून आल्यावर.

जनावरांच्या बाजारात जुने दलाल उपरण्याखाली हात घालून सौदा करतात. बोटं दाबली की हजार-शेकड्यांची भाषा कळते. शेजारी उभ्या असलेल्या बघ्याला दिसते ती फक्त कापडाची हालचाल. शेतमालाच्या बाजारातही ही हत्ता पद्धत होती. बाजार समित्यांच्या कायद्याने ती मोडून उघड लिलाव आणला, कारण त्या कापडाखाली शेतकरी नागवला जातो हे दिसत होतं. पण गंमत अशी की जनावर विकणाऱ्यालाही कित्येकदा ते उपरणं हवं असतं. पहिल्या गिऱ्हाइकाने बैलाची किती किंमत केली हे उघड झालं तर दुसरं गिऱ्हाईक त्याच्या वर चढत नाही. आणि आपण किती खाली यायला तयार होतो हे गावात कळलं तर घरी बोलणी खावी लागतात ती वेगळीच. व्यापारमंत्र्याची अडचण हीच असते. जागतिक व्यापार संघटनेच्या जीनिव्हातल्या सभागृहात ध्वनिक्षेपकासमोर उच्चारलेलं वाक्य देशाची भूमिका म्हणून नोंदलं जातं. 'तुम्ही मक्याचं सोडलंत तर आम्ही मोटारींचं बघू' असं तिथे बोलायची सोय नाही. रात्री जेवणाच्या टेबलावर ते बोलता येतं, आणि सकाळी नाकबूलही करता येतं. म्हणून अनौपचारिक शिष्टाई म्हणजे कारस्थान, असं मी मानत नाही. प्रश्न आहे तो त्या उपरण्याखाली कुणाकुणाचा हात पोचतो एवढाच.

हे उपरणं आजचं नाही. नेवासा म्हटलं की मराठी माणसाला ज्ञानेश्वरांचा पैस खांब आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण प्रवरेच्या काठची लाडमोड टेकडी या पुस्तकाच्या कामाची आहे. डॉ. हसमुख सांकलियांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९५४ ते ५६ या काळात इथे उत्खनन केलं, नंतर १९५९ पासून पुन्हा केलं. अश्मयुगापासून थरावर थर निघाले. सातवाहनकाळच्या थरात भूमध्य सागराकडून आलेल्या दोन कानांच्या कुंभांची, म्हणजे अँफोरांची खापरं सापडली. खाली निमुळते होत गेलेले हे कुंभ मुख्यतः मद्य आणि तेल वाहून नेण्यासाठी होते. समुद्र ओलांडून, घाट चढून ते प्रवरेपर्यंत आले, याचा अर्थ वाटेत किती नाकी, किती जकाती आणि किती जणांशी बोलणी झाली असतील याचा विचार करावा.

त्या बोलण्यांची एक झलक इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या नावाड्याच्या मार्गदर्शिकेत मिळते. लिहिणारा ग्रीक भाषेतला कुणी अनाम व्यापारी. भडोचच्या बंदराची माहिती देताना तो तिथे काय खपतं याची यादी देतो आणि मग वेगळं नोंदवतो, की राजासाठी म्हणून चांदीची भांडी, गाणारी मुलं, रूपवान दासी, उंची मद्य, तलम वस्त्रं आणि निवडक सुगंधी लेप आणावे लागतात. ही व्यापाराच्या मालाची यादी नव्हे. हा माल उतरवून घेण्याआधीचा खर्च आहे. त्याच पुस्तकात पैठण आणि तेर या बाजारपेठा आहेत. कल्याण बंदराचीही नोंद आहे: पूर्वी ते खुलं होतं, आता तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. दोन सत्तांच्या भांडणात एक बंदर बंद आणि दुसऱ्याची चलती. डिसेंबर २०२३ चा कांदा उत्पादक ही ओळ वाचून चमकणार नाही.

सोळाशे वर्षं ओलांडून रायगडावर येऊ. या विषयाचं मराठी मुलखातलं सगळ्यात बारकाईने नोंदलं गेलेलं उदाहरण १६७४ चं आहे, आणि नोंद अर्थातच इंग्रजांची. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरची इंग्रजांची वखार लुटली होती, कारण पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला मदत केली होती. पुढची बारा वर्षं नुकसानभरपाईचा घोळ चालला. १६७२ मध्ये स्टीफन उस्टिक येऊन गेला, १६७३ मध्ये टॉमस निकल्स. काही जमलं नाही. १६७४ च्या मार्चमध्ये मुंबईकर इंग्रजांनी आपला दुभाषी नारायण शेणवी याला रायगडावर पाठवलं. राणी काशीबाईंचं नुकतंच निधन झालं होतं, दरबार सुतकात होता. शेणव्याला थांबावं लागलं. दरम्यान त्याची महाराजांच्या दरबारातल्या निराजीपंतांशी बोलणी झाली. महाराजांचा राज्याभिषेक व्हायचा आहे, त्या वेळी कुणी भारदस्त इंग्रज नजराणा घेऊन आला तर काम सोपं होईल, हे तिथे उमगलं. पुढे इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन आला तो या पायवाटेवरून.

ऑक्झिंडनचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे. नारायण शेणव्याचं नाव बहुतेकांच्या गावीही नसतं. पण व्यापाराची बोलणी कशी जुळतात हे समजून घ्यायचं तर माणूस तोच. त्याला दोन्हीकडची भाषा येत होती. कोण कुणाच्या ऐकण्यातला आहे हे त्याला कळत होतं. आणि त्याच्या हाती सहीचा अधिकार नव्हता, हा तर मोठाच गुण, कारण त्याच्याशी बोलल्याने कुणी बांधलं जात नव्हतं. ऑक्झिंडन मे महिन्यात गडाखाली पोचला तेव्हा महाराज प्रतापगडाला गेले होते. पुन्हा वाट पाहणं आलं. त्या मुक्कामात इंग्रजांनी मांस इतकं खाल्लं, की मांस पुरवणारा म्हातारा खाटीक ही कोण गिऱ्हाइकं आहेत ते बघायला गड चढून आला, अशी नोंद आहे. करारनाम्याचा इतिहास लिहिणारे हा खाटीक गाळतात. मला तो गाळवत नाही. बोलणी चालतात तेव्हा आजूबाजूच्या बाजारात काय उलाढाल होते याचा तो एकमेव साक्षीदार आहे.

करार झाला तेव्हा इंग्रजांची बहुतेक कलमं मान्य झाली. जकात अडीच टक्के ठरली, राजापूरच्या नुकसानीपोटी दहा हजार होन धरले गेले. दोन गोष्टींवर मात्र मराठ्यांनी हात आखडला. इंग्रजांचं नाणं आपल्या मुलखात चालवण्याची सक्ती महाराज करणार नव्हते. त्यात धातू जितका असेल त्या मोलाने लोक घेतील तर घेवोत. आणि किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांवर सरकारचा हक्क असतो, तो कोकणचा रिवाज सोडणार नव्हते. जंजिऱ्याच्या सिद्दीशी तह करावा हा इंग्रजांचा आग्रह तर बोलण्यातच विरला, कलमापर्यंत पोचलाच नाही. ताटात काय वाढायचं नाही हे आधी ठरतं म्हणालो ते असं.

आता एकदम १९८६. उरुग्वेतल्या पुंता देल एस्ते या समुद्रकाठच्या गावात त्या सप्टेंबरात गॅट या जागतिक व्यापार कराराच्या सदस्य देशांचे मंत्री जमले. व्यापाराची आठवी फेरी सुरू करायची होती. अमेरिकेला तीत सेवाक्षेत्र हवं होतं, गुंतवणूक हवी होती, पेटंट-कॉपीराइटसारखे बौद्धिक मालमत्तेचे हक्क हवे होते. १९८२ मध्येही तिने प्रयत्न केला होता, तो फसला. भारत आणि ब्राझील यांच्या पुढाकाराने दहा विकसनशील देशांचा गट याला आडवा उभा राहिला. मग सुरू झाली जुळवाजुळव. स्वित्झर्लंड आणि कोलंबिया या दोन देशांनी मिळून एक मधला मसुदा तयार केला. एक दुधाचा देश, एक कॉफीचा, म्हणून त्या गटाला जीनिव्हात 'कॅफे ओ ले' असं नाव पडलं. भारताचं शिष्टमंडळ घेऊन तेव्हाचे अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह गेले होते. तडजोड अशी निघाली की सेवाक्षेत्राची बोलणी वेगळ्या रुळावर चालतील. बौद्धिक मालमत्तेबद्दल जाहीरनाम्यात थोडकाच मजकूर आला, त्यात ठळक होती ती बनावट मालाच्या व्यापाराची काळजी. आपण फार काही दिलेलं नाही, असं म्हणायला जागा होती.

त्या थोडक्या मजकुराचं पुढे काय झालं ते पाहा. १९८९ च्या एप्रिलमध्ये जीनिव्हातल्या मध्यावधी आढाव्यात भारताने माघार घेतली आणि बौद्धिक मालमत्तेचे निकष व मानकं हा विषय बोलण्यांत पुरता शिरला. १९९४ च्या कराराला बौद्धिक मालमत्तेचा ट्रिप्स करार जोडून आला. त्यातल्या एका कलमाने वनस्पतींच्या वाणांना संरक्षण द्यायचं बंधन घातलं. त्यातून आपल्याकडे २००१ चा पीक वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा झाला. तो कायदा शेतकऱ्याला आपलं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क देतो, आणि जगातल्या अशा कायद्यांत तो उजवा आहे हे मान्य करायला हवं. पण नेवासा-शेवगाव पट्ट्यात कपाशीच्या बियाण्याचं पाकीट घेताना जी मालकीहक्काची भाषा आज गृहीत धरली जाते, तिचा उगम शोधत गेलात तर उरुग्वेतल्या त्या गावात पोचता.

१९८६ च्याच नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, आणि ते त्या चळवळीतलं सोन्याचं पान आहे. पुंता देल एस्तेला काय शिजलं याची चर्चा मात्र आपल्या शेतकरी चळवळीत तेव्हा ठळकपणे झालेली मला आढळत नाही. चर्चा पेटली ती २० डिसेंबर १९९१ ला गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी कराराचा मसुदा मांडल्यावर. मग मात्र गावोगाव डंकेल हा शब्द झाला. कर्नाटकात नंजुंडस्वामींच्या रयत संघाने त्याविरुद्ध रान उठवलं. महाराष्ट्रात शेतकरी संघटनेचे शरद जोशी डंकेलच्या बाजूने उभे राहिले. त्यांचा मुद्दा सरळ होता: भारत सरकार शेतकऱ्याला अनुदान देत नाही, उलट निर्यातबंद्या आणि पाडलेल्या भावांनी त्याच्याकडून काढून घेतं, ही उणे सबसिडी आहे, तेव्हा खुल्या व्यापाराला भारतीय शेतकऱ्याने का घाबरावं? कांद्याची उलटी पट्टी हातात घेऊन घरी परतलेल्या माणसाला हे समजवायला आकडे लागत नव्हते.

शरद जोशी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघात बरीच वर्षं नोकरीला होते, मग परत येऊन चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला लागले आणि चाकणच्या कांदा आंदोलनातून पुढे आले. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या ओसरीवर कामं कशी होतात हे प्रत्यक्ष पाहिलेला शेतकरी नेता आपल्याकडे दुसरा नव्हता. त्यांच्या बाजूला मी आहे की नंजुंडस्वामींच्या, हे वाचकाला पुढच्या प्रकरणांत कळेल. इथे इतकंच म्हणतो की १९९१ मध्ये दोघंही ज्या कागदावर भांडत होते त्याचे समास पाच वर्षांपूर्वी आखून झाले होते.

दोहाच्या फेरीची गोष्ट या पुस्तकात सगळ्यात जास्त जागा खाते, कारण बोलण्यांआधीच्या बोलण्यांचा तो नमुनाच आहे. १९९९ च्या नोव्हेंबरअखेर सिएटलला नवी फेरी सुरू करायचा घाट घातला गेला आणि फसला. लोक रस्त्यावरची निदर्शनं लक्षात ठेवतात. आतही कमी बिघडलेलं नव्हतं. 'ग्रीन रूम' म्हणवणाऱ्या छोट्या बैठकांत निवडक देश बोलत होते, आणि आफ्रिकी, कॅरिबियन देशांचे मंत्री बाहेर ताटकळत होते. त्यांनी शेवटी कळवलं की ज्या बोलण्यात आम्ही नाही त्याच्या सहमतीतही आम्ही नाही. जागतिक व्यापार संघटनेचे निर्णय सहमतीने होतात. २०२४ मध्ये सदस्यसंख्या १६६ झाली. बाहेर बसवलेल्यांचं हत्यार एवढंच, आणि ते त्या वेळी चाललं.

मग महासंचालक माइक मूर आणि, २००१ मध्ये, सर्वसाधारण परिषदेचे अध्यक्ष स्टुअर्ट हार्बिन्सन यांनी काम वेगळ्या तऱ्हेने चालवलं. २००१ मध्ये ऑगस्टअखेर मेक्सिको सिटीत आणि ऑक्टोबरात सिंगापूरला वीसेक देशांच्या मंत्र्यांच्या छोट्या बैठका झाल्या. निमंत्रण यजमान देशाचं, इतिवृत्त नाही, ठराव नाही. कुणाला बोलवायचं याचा नियम नाही; म्हणजे न बोलावल्याची दाद मागायचीही सोय नाही. हार्बिन्सन यांनी मतभेदाच्या जागी चौकटी कंस टाकण्याची रीत मोडून जवळजवळ स्वच्छ मसुदा स्वतःच्या जबाबदारीवर पुढे पाठवला. कंस नसले की विरोध करणाऱ्याला आपला विरोध नव्याने उभा करावा लागतो. ही कारकुनी वाटणारी गोष्ट किती मोठी आहे हे ज्याने सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत आधीच लिहून आणलेला ठराव वाचला जाताना पाहिला आहे, त्याला सांगायला नको. त्यात ११ सप्टेंबरचा हल्ला झालेला, जगाने एकजूट दाखवावी हा दबाव. अमेरिकेचे व्यापारप्रतिनिधी रॉबर्ट झोलिक आणि युरोपचे व्यापार आयुक्त पास्कल लामी यांची मैत्री होती, दोघंही धावण्याचे शौकीन. नोव्हेंबरात दोहाला फेरी सुरू झाली.

जवळजवळ झालीच नसती. भारताचे वाणिज्यमंत्री मुरासोली मारन शेवटच्या तासापर्यंत अडून बसले. गुंतवणूक, स्पर्धाधोरण, सरकारी खरेदी आणि व्यापारसुलभता या चार 'सिंगापूर विषयां'वर बोलणी आपोआप सुरू होता कामा नयेत, हा त्यांचा हट्ट. परिषदेचे अध्यक्ष, कतारचे युसुफ हुसेन कमाल यांनी अखेर खुलासा केला की त्यासाठी पुढच्या परिषदेत स्पष्ट सहमती लागेल. मारन एकटे पडले, त्यांनी भारताला एकटं पाडलं, अशी टीका तेव्हा भरपूर झाली. २००३ मध्ये ती पुढची, कानकुनची परिषद फसली आणि २००४ च्या ऑगस्टमध्ये चारपैकी तीन विषय फेरीतून गळाले. उशिरा का होईना, मारन यांच्या एका वाक्याचं मोल वसूल झालं. माझ्या मते त्या दशकातली भारताची सगळ्यात स्वस्तात पडलेली कमाई तीच. २००८ च्या जुलैत जीनिव्हाला तेव्हाचे वाणिज्यमंत्री कमलनाथ शेतमालाच्या विशेष संरक्षक तरतुदीवरून भिडले आणि बोलणी तुटली, तो प्रसंग जास्त गाजला. त्यावर मी थोडकंच लिहिलं आहे, कारण तिथे काय झालं ते पुष्कळांनी लिहून ठेवलंय.

मराठी माणूस यजमान असलेली अशी बैठक एकच मला माहीत आहे. १९ आणि २० मार्च २०१८ ला दिल्लीत सुरेश प्रभूंनी वाणिज्यमंत्री म्हणून सुमारे ५० देशांना अनौपचारिक मंत्रीबैठकीला बोलावलं. ब्यूनोस आयरेसची परिषद तीन महिन्यांपूर्वी हात हलवत परतली होती, अमेरिकेने पोलाद-ॲल्युमिनियमवर शुल्क जाहीर केलं होतं आणि जीनिव्हाच्या अपिली मंडळावरच्या नेमणुकाही ती अडवून होती. संयुक्त जाहीरनामा काढायचाच नाही, हे प्रभूंनी आधीच ठरवलेलं दिसतं. त्यामुळे निष्पत्ती काय, असं वार्ताहर विचारत राहिले. पण अशा बैठकीचं माप ते नव्हे. बोलणं पूर्ण थांबलेलं असताना पन्नास देश एका छताखाली बसले, त्यात छोटे आणि गरीब देशही होते, आणि निमंत्रणाची यादी या वेळी दिल्लीने लिहिली होती. प्रभू अनेक वर्षं लोकसभेत राजापूरचे खासदार होते. ज्या राजापूरच्या वखारीपायी नारायण शेणवी रायगड चढला ते हेच. योगायोग, पण लिहिताना मजा आली.

गेल्या पाच-सात वर्षांत जीनिव्हा थंडावलं आणि वर्दळ दुहेरी करारांकडे वळली. इथली पूर्वतयारी आणखी आडबाजूची असते. ऑस्ट्रेलियाने २०२१ च्या ऑगस्टमध्ये माजी पंतप्रधान टोनी अॅबट यांना खास व्यापारदूत म्हणून दिल्लीला धाडलं; अधिकारपद नाही, ओळखी मात्र भरपूर. पुढच्या एप्रिलमध्ये करारावर सह्या झाल्या. युरोपीय संघाशी २००७ मध्ये सुरू होऊन २०१३ मध्ये अडकलेली बोलणी मे २०२१ च्या पोर्तो इथल्या नेत्यांच्या बैठकीत पुन्हा हलली, आणि रीतसर सुरुवात व्हायला २०२२ चा जून उजाडला. मधलं वर्षभर काय चाललं होतं? कशावर बोलायचं नाही ते ठरत होतं. अमेरिकेशी २०२५ च्या फेब्रुवारीत करार करायचं जाहीर झालं आणि एप्रिलमध्ये, उपाध्यक्ष व्हान्स भारतात असताना, बोलण्यांची कार्यकक्षा ठरल्याचं सांगण्यात आलं. मका, सोयाबीन, दूध, कापूस: अमेरिकेला जे विकायचं आहे त्यातलं बरंचसं आमच्या तालुक्याच्या रानात आणि गोठ्यात आहे. त्याच ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क सरकारने तात्पुरतं उठवलं, मग मुदत डिसेंबरपर्यंत वाढवली. कारण दिलं वस्त्रोद्योगाचं. वेळ पाहून अनेकांनी त्यात वॉशिंग्टनला दिलेला संकेत वाचला. दोन्ही खरं असू शकतं. कपाशी उत्पादकाला फरक पडला तो दराचा.

मग बोलण्यांआधीच्या या टप्प्यावर शेतकऱ्याला विचारतं कोण? आपल्या राज्यघटनेत शेती राज्यांकडे आहे आणि परदेशी व्यापार केंद्राकडे. करार करायला संसदेची मंजुरी घ्यावी लागत नाही. अमेरिकेत व्यापारप्रतिनिधीचं कार्यालय बोलण्यांआधी जाहीर नोटीस काढून सूचना मागवतं. मक्याचे, दुधाचे उत्पादक संघ तिथे पानंच्या पानं लिहून देतात. आपल्याकडे मंत्रालय उद्योगसंघटनांशी, निर्यातदारांशी बोलतं, कधी शेतकरी प्रतिनिधींशीही बोलतं, पण बोललंच पाहिजे असा कायदा नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात बँकॉकला भारत आरसेप या आशियाई व्यापार कराराच्या बोलण्यांतून बाहेर पडला त्यामागे दूध उत्पादकांचा आवाज होता हे खरं. तो आवाज पोचला, कारण त्यामागे अमूलसारखी जबर संस्था होती. कांद्याला अशी संस्था नाही. कांद्याचा आवाज लिलाव बंद पाडण्यातून निघतो, आणि तेव्हा अधिसूचना निघून गेलेली असते.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल दोन शब्द. प्रकरणं कालक्रमाने नाहीत. कांद्यापासून सुरुवात केली आहे, कारण वाचक तिथून आत यावा अशी इच्छा. मग रायगड, मग जीनिव्हा-दोहा, मग दुहेरी करार. तांत्रिक संज्ञा जिथे टाळता आल्या तिथे टाळल्या आहेत. ज्यांना ट्रिप्स, आरसेप यांचे पूर्ण विस्तार पाठ आहेत त्यांनी कंटाळू नये.

साखर शेवटी ठेवली आहे. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला या तिघांनी २०१९ मध्ये भारताच्या उसाच्या रास्त व किफायतशीर दराविरुद्ध, म्हणजे आपल्या एफआरपीविरुद्ध, जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. भारताचं म्हणणं, दर सरकार ठरवत असलं तरी पैसे कारखाना देतो, तेव्हा हे सरकारी अनुदान नव्हे. १४ डिसेंबर २०२१ ला पॅनेलचा निकाल भारताच्या विरोधात गेला. भारताने अपील केलं. अपील ऐकणारं मंडळ सदस्यांअभावी २०१९ पासून बंद आहे, त्यामुळे निकाल लोंबकळत पडला. दरम्यान अमेरिकेबरोबरचे असेच सहा वाद २०२३ च्या जूनमध्ये आणि सातवा सप्टेंबरात आपसात मिटवले गेले. ब्राझीलबरोबरही साखरेच्या बदल्यात इथेनॉलचं तंत्रज्ञान, अशा धर्तीवर बोलणी झाल्याच्या बातम्या आल्या. भेंड्याचा ज्ञानेश्वर आणि सोनईचा मुळा, हे आमच्या तालुक्यातले दोन्ही सहकारी कारखाने त्या एफआरपीने ऊस घेतात. ब्राझीलशी काय ठरेल त्याचा संबंध त्यांच्या पहिल्या उचलीशी आहे, आणि ती उचल किती असावी यावर इथे दर हंगामात आंदोलन होतं. शेवटचं प्रकरण या दोन गोष्टी एकत्र वाचायचा प्रयत्न करतं.